ऑफिसच्या आयपी फोनवर डायल प्लॅन आणि लाईन की कशा बसवायच्या? लोकल नंबर लागतच नाही

जिनिंगवाला_जळगाव:
राम राम मंडळी. जळगावला आमचं जिनिंगचं ऑफिस, धुळ्याला छोटी ब्रँच. नवे आयपी फोन (इंटरनेटच्या वायरवर चालणारे) घेतले, एक्सटेन्शन म्हणजे आतले नंबर २०१ ते २२९. आतले कॉल मस्त जातात पण गावातला २२ ने सुरू होणारा लँडलाईन फिरवायला गेलं की तिसरा आकडा दाबताच फोन आपला आपण डायल करून मोकळा, आणि वाजतो कुठं तर गोडाऊनला, तिथला माणूस रोज शिव्या घालतोय. मोबाईलला उलटं, नंबर टाकून बसा वाट बघत, मग रिंग. शिवाय शेठ बिझी आहेत का ते बटणावर दिसायला पाहिजे, स्पीड डायल टाकून बघितलं, दिवाच लागत नाही. बसवणारा आता फोन उचलत नाही.

तापीकाठचा:
भाऊ, गडबड एक्सटेन्शनमध्येच आहे. गावातले बीएसएनएलचे नंबर २ ने सुरू होतात आणि तुमचा नियम म्हणतो २ पुढे दोन आकडे आले की सोडून दे, मग फोन तरी काय करणार. एक्सटेन्शन ५०१ पासून घ्या. १ नको, ११२ आणि १०८ तिकडे आहेत. ६ ते ९ मोबाईलचे, ० एसटीडीचा. मग डायल प्लॅनमध्ये, म्हणजे किती आकड्यांवर कॉल सोडायचा त्या नियमांत, लिहा (एक्स म्हणजे कुठलाही एक आकडा): ५ पुढे दोन एक्स, २ पुढे सहा एक्स, चौकटी कंसात ६-९ पुढे नऊ एक्स, ० पुढे दहा एक्स, आणि ११२, १०८ जसेच्या तसे. लांबी ठरली की फोन थांबत नाही, लगेच जातो. तोवर घाई असेल तर नंबरनंतर हॅश दाबायचा.

वायरमन_भुसावळ:
यीलिंक कंपनीचा फोन असेल तर हेच नियम त्याच्या डायल नाऊ सेटिंगमध्ये टाका. दिव्यासाठी स्पीड डायल चालत नाही, ते फक्त नंबर फिरवतं, की चा म्हणजे बटणाचा टाईप बीएलएफ (दुसरा बिझी आहे का ते दाखवणारा) करा, व्हॅल्यूत शेठचं एक्सटेन्शन. मोकळा असला की हिरवा, बोलत असला की लाल. तरी दिवा नाही लागला तर पीबीएक्सवर (ऑफिसचं आतलं एक्सचेंज) त्या एक्सटेन्शनची परवानगी बघा, फोनशी भांडू नका. आणि पहिल्या दोन की लाईनच (कॉल घ्यायच्या) राहू द्या, लोक सगळ्या भरून टाकतात आणि दुसरा कॉल आला की घ्यायचा कुठं तेच कळत नाही.

जिनिंगवाला_जळगाव:
५०१ केलं, गोडाऊन शांत झालं. दिवापण लागला. आता मोबाईलच्या आधी ० लावायचा का? आणि हीच सेटिंग धुळ्याला टाकू?

तापीकाठचा:
लाईन बीएसएनएलची असेल तर लावायचाच, १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला ० लागतो. पण तो फोनमध्ये लावा नाहीतर पीबीएक्समध्ये, दोन्हीकडे लावला तर ०० होऊन कॉल पडतो. धुळ्याला आहे तशी कॉपी मारू नका! जळगावचा कोड ०२५७ म्हणून लोकल नंबर सात आकडी, धुळ्याचा ०२५६२ म्हणून सहाच. तिथं २ पुढे पाच एक्स.

वायरमन_भुसावळ:
आणि आधी फोनचा बॅकअप काढा भो.