मदत हवी आहे : ‘फाइंड’ला फक्त मार्चच्याच पावत्या सापडतात

मंडळी, सोसायटीचा खजिनदार झाल्यापासून पावत्यांच्या फाइल्स माझ्या गळ्यात पडल्या आहेत. ‘हिशेब’ फोल्डरात २०१९ ते २०२४ असे सहा फोल्डर, प्रत्येकात बारा पावत्या: पावती-जानेवारी.पीडीएफ, पावती-फेब्रुवारी.पीडीएफ वगैरे. उबुंटूवर (लिनक्स) ‘हिशेब’मध्ये जाऊन मी फाइल्स शोधायची ही ‘फाइंड’ कमांड देतो (नावं मराठीतच आहेत, कमांड इथे वाचण्यापुरती देवनागरीत):

फाइंड . -नेम पावती*.पीडीएफ

आजवर ७२ च्या ७२ यायच्या. परवापासून सातच येतात आणि सातही मार्चच्या! बाकीच्या जागेवर आहेत, उघडतातही. मुलीच्या मॅकवर गेल्या महिन्याचा बॅकअप आहे, तिथे तर तीच कमांड ‘नो मॅचेस फाउंड’ म्हणून हात वर करते. डिस्क गेली की काय?

प्रतिसाद १
डिस्कला काही झालेलं नाही. मार्चची एखादी पावती थेट ‘हिशेब’मध्ये पडली आहे का? कमांडच्या आधी ‘इको’ (पुढचं नुसतं छापून दाखवणारी कमांड) लावा आणि काय छापलं जातं ते इथे टाका.

धागाकर्ता
हे आलं:

फाइंड . -नेम पावती-मार्च.पीडीएफ

एका सभासदाला द्यायला मार्चची प्रत बाहेर काढली होती खरी. पण माझा स्टार (*, म्हणजे ‘इथे काहीही चालेल’) कुठे गेला?

प्रतिसाद १
शेलने, म्हणजे टाइप केलेली कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामने, खाल्ला. स्टारचा अर्थ लावायचं काम आधी शेल करतो, फाइंडची पाळी नंतर. चालू फोल्डरात जुळणारं नाव दिसलं की स्टार काढून ते नाव घालतो. म्हणजे फाइंडला तुम्ही फक्त मार्चच मागितला: सहा वर्षांचे सहा, बाहेरचा एक. आजवर चाललं ते नशिबाने. बाहेर काहीच जुळत नसे, आणि अशा वेळी बॅश (उबुंटूचा शेल) स्टार जसाच्या तसा पुढे पाठवतो. झी शेल तसं करत नाही, जुळलं नाही तर कमांडच चालवत नाही. २०१९ च्या कॅटालिना या मॅकओएस आवृत्तीपासून मॅकवर तोच मूळ शेल आहे. फिश नावाचा शेलही असाच अडतो.

अवतरणात घाला, दोन्हीकडे चालेल:

फाइंड . -नेम 'पावती*.पीडीएफ'

प्रतिसाद २
मॅकवर झी शेलचं ‘सेटऑप्ट नोनोमॅच’ हे सेटिंग केलं की तक्रार बंद होते.

प्रतिसाद १
तक्रार बंद होते, दुखणं राहतं. मॅकवरही उद्या बाहेर प्रत पडली की मार्चच येईल. खरं तर झी शेलची कटकटच बरी, निदान चूक लगेच कळते. बाहेर दोन पावत्या पडल्या असत्या तर उबुंटूवरही ‘पाथ्स मस्ट प्रिसीड एक्स्प्रेशन’ अशी एरर आली असती. एकच पडली, म्हणून गुपचूप चुकीचं उत्तर.

प्रतिसाद ३
विंडोजवर कुणी करून बघणार असेल तर थांबा. तिथला ‘फाइंड’ फाइलच्या आतला मजकूर शोधतो. जुन्या कमांड प्रॉम्प्टला डिर /एस /बी "पावती*.पीडीएफ" द्या. अवतरण दुहेरीच, एकेरीला तो अवतरण मानत नाही. तिथे शेल स्टारला हात लावत नाही, ज्याचा त्याने अर्थ लावायचा.

धागाकर्ता
अवतरण घातलं, ७३ आल्या (बाहेरची धरून). आभार! आता हौस म्हणून दोन अक्षरी महिना शोधायला 'पावती-??.पीडीएफ' दिलं, जून यावा म्हणून. आला फक्त मे! अवतरण तर आहे.

प्रतिसाद १
हा दोष शेलचा नाही, आपल्या काना-मात्रांचा. प्रश्नचिन्ह युनिकोडचं एक चिन्ह मोजतं, आणि मात्रा, उकार वेगळे धरले जातात. ‘मे’ म्हणजे म आणि मात्रा, झाले दोन. ‘जून’ म्हणजे ज, ऊकार, न: तीन.

धागाकर्ता
म्हणजे जुलैला चार. आणि फेब्रुवारीला… बोटांवर मोजले, दहा! नको, स्टारच बरा.