एचआर चांगलं म्हणून नफा, की नफा आहे म्हणून एचआर चांगलं? (प्रोजेक्टसाठी मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

चाकणला सुट्या भागांच्या एका कारखान्यात एचआरला आहे, नोकरी सांभाळून एमबीए करतेय. एचआर, कंपनीचं धोरण आणि कामगिरी हा विषय हौसेने घेतला आणि आता त्यातच अडकलेय.

सुरुवातीला सोपं वाटलं. मार्क ह्युसेलिड या एचआरच्या संशोधकाचा १९९५ चा अभ्यास वाचला. अमेरिकेतल्या ९६८ कंपन्या. जिथे निवड, प्रशिक्षण, कामगिरीनुसार पगार नीट, तिथे माणसं कमी सोडून जातात, दरडोई विक्री जास्त. मग पॅट्रिक राइट वगैरेंचा २००५ चा पेपर हाती आला आणि घोळ झाला. एकाच कंपनीचे ४५ विभाग घेतले, तर एचआरचं नातं पुढच्या कामगिरीइतकंच मागच्या कामगिरीशीही निघालं! मागची कामगिरी हिशेबात धरली की बाकी फारसं काही उरेना. मला तर हे पटलंच. आमच्याकडे ऑर्डरी असल्या की ट्रेनिंग कॅलेंडर भरतं, आणि मंदीत पहिली कात्री त्यालाच.

दुसरी अडचण धोरणाची. आमच्या एका लाइनवर स्वस्त, ढिगाने माल. कंत्राटी पोरं येतात-जातात, काही बिघडत नाही. शेजारच्या लाइनवर निर्यातीचे भाग. तिथला एक जुना सेटर (मशीन जुळवून देणारा) नोकरी सोडून गेला आणि रिजेक्शन (नापास भागांचं प्रमाण) महिनाभर आटोक्यात येईना. मग अख्ख्या कंपनीच्या एचआरला एकच गुण कसा द्यायचा?

तारापूर-उंबरगावच्या कापड कारखान्यांत अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि मंडळींनी केला तसा प्रयोग (काहींना सल्लागारांची पूर्ण मदत दिली, काहींना फक्त महिनाभराची तपासणी; पूर्ण मदत मिळालेल्यांत पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्के वाढली) मला कोण करू देणार? आणि तिथेही एचआर हा बदलांतला एक भाग होता.

गाइड म्हणतात, ६० कंपन्यांच्या एचआर मॅनेजरांकडून प्रश्नावली भरून घे. पण एचआरही तेच जोखणार, कामगिरीही तेच सांगणार. आपला तो बाब्याच ठरणार ना?

त्याऐवजी आमच्याच दोन लाइनींची तीन वर्षांची महिनावार आकडेवारी (किती माणसं सोडून गेली, गैरहजेरी, ट्रेनिंगचे तास, रिजेक्शन) घेतली तर चालेल का? ट्रेनिंगचा परिणाम किती महिन्यांनी शोधावा? आणि एकाच कंपनीचा अभ्यास म्हणून परीक्षक उडवून तर लावणार नाहीत? कुणी असं केलं असेल तर गाइडना कसं पटवलंत तेही सांगा. सिनॉप्सिस पुढच्या शुक्रवारी द्यायचाय.