अनुभव धागा: फ्लॅटात, कौलारू घरात हळू आवाजात तबला-पखवाज-घुमटाचा रियाज

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की गोव्यात घुमट (कातडे लावलेले मातीचे वाद्य), पखवाज (दोन तोंडांचा आडवा मृदंग), तबला खोळीतून बाहेर निघतात. दुपारी १ ते ४ सगळे निजलेले, रात्री १० नंतर आवाज नको. मग हात फिरवायचा कधी? ज्यांनी उपाय करून पाहिलेत त्यांनी मापासकट लिहावे. काय बिघडते तेही लिहा.

मडगाव, तबला-डग्गा, दुसरा मजला

खालच्या मजल्याला त्रास होतो तो डग्ग्याचा (डाव्या हाताच्या खर्ज वाद्याचा). 'ना' हा तबल्याचा बोल भिंतीत बराचसा अडतो. डग्ग्याचा घुमारा चुंबळीतून (वाद्याखालच्या कापडी कड्यातून) लादीत आणि लादीतून खाली उतरतो. म्हणून पुडीआधी (पुडी म्हणजे वरचे ताणलेले कातडे) जमीन बघा. काथ्याचे जाड पायपुसणे, त्यावर गोधडीच्या चार घड्या, त्यावर चुंबळ. नुसत्या चटईने काही अडत नाही.

मग कापड. तबल्यावर सुती पंचाचा एकच पदर, डग्ग्यावर टॉवेलच्या दोन घड्या. ताणून बांधू नका, नुसते पसरा. तबल्यावर दोनहून जास्त पदर झाले की बोट उसळत नाही आणि तिरकिट चिखलात रुतते. शाईवर (पुडीवरच्या काळ्या गोल लेपावर) चिकटपट्टी अजिबात लावू नये, काढताना शाईचे कण सुटतात.

गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) वर सरकवून पुडी सैल करणे हा उपाय नव्हे. सैल पुडीवर 'ना' लागत नाही, म्हणून बोट आणखी जोरात पडते.

फोंडा, तबला

वरच्यांशी सहमत, पण कापडाखाली काय घोटायचे ते आधी ठरवा. तिरकिट, तेटे, धिरधिर, रेल्यातले (वेगवान बोलांच्या रचनेतले) बंद बोल चालतात. 'ना', 'तिं', 'तूं' आणि डग्ग्याची मींड (मनगट दाबून सूर सरकवणे) कापडावर शिकूच नये. चाटेवर (पुडीच्या कडेच्या पट्टीवर) बोट कुठे पडले हे कानालाच कळते आणि तो कान इथे बंद असतो. तासाभराच्या रियाजात ४० मिनिटे कापड, २० मिनिटे उघडी पुडी, आणि ही २० मिनिटे शेजाऱ्यांना विचारून ठरवलेली.

मोठा धोका जोराचा. आवाज येत नाही म्हणून मनगट नकळत ताठरते. तीनतालाची दहा आवर्तने कापडावर झाली की हात न बदलता कापड ओढून काढा आणि अकरावे वाजवा. ते कर्कश आले तर लय मिनिटाला २० मात्रांनी उतरवा. लेहरा (ताल धरणारी फिरती धून) इअरफोनवर, मिनिटाला ६० मात्रांपासून सुरू, दर टप्प्याला ५ ची वाढ.

म्हापसा, घरचा पॅड

१८ मिलिमीटर प्लायवूडच्या दोन चकत्या, ६ इंच (तबल्यासाठी) आणि ९ इंच (डग्ग्यासाठी) व्यासाच्या, वर ६ मिलिमीटर रबर. खाली पुस्तके रचून उंची तुमच्या तबल्याइतकी करा, नाहीतर मनगटाचा कोन बदलतो. रबर कातड्यापेक्षा जास्त उसळते, त्यामुळे पॅडवर आलेली लय खरी मानू नये.

डिचोली, पखवाज

धुमेला (पखवाजाच्या डाव्या, मोठ्या तोंडाला) कणीक न लावता वाजवा. खोल घुमारा कणकेच्या वजनातून येतो. ती नसली की धुमेचा सूर चढतो आणि आवाज भिंतीपलीकडे कमी जातो. वर पंचा घडी करून टाका. 'धा'चा तोल मात्र कणकेशिवाय कळत नाही, तेव्हा आठवड्यातून दोनदा कणीक लावूनच बसा. वाजवून झाल्यावर ती लगेच खरवडून पुडी कोरडी पुसा, पावसाळ्यात रात्रभर राहिली तर बुरशी धरते.

साखळी, कौलारू घर

दार लावून उपयोग नाही. भिंती आढ्यापर्यंत जात नाहीत, आवाज वरून सगळ्या खोल्यांत फिरतो. वर लाकडी माळा असलेली खोली निवडा आणि कपड्यांच्या कपाटाकडे तोंड करून बसा.

काणकोण, घुमट

घुमटाचा आवाज मागच्या उघड्या तोंडातून येतो. त्यात जुने सुती धोतर सैल कोंबले की तो निम्म्याहून खाली येतो. मात्र डाव्या हाताचे उघडणे-मिटणे बंद पडते. म्हणून दोन भाग करा: आधी कापड घालून उजव्या हाताचे बोल, मग कापड काढून डाव्या तळव्याने तोंड झाकत-उघडत, उजव्या बोटांनी नुसता स्पर्श. आरतीचा ठेका तोंडाने म्हणत राहा.

घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे लावत; घोरपडीला १९७२च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून आता बकरीचे कातडे येते. पावसाळी हवेत ते सैल पडते आणि माणूस जोरात मारू लागतो. आधी उन्हात किंवा चुलीपासून हातभर लांब धरून ऊब द्या. कोंबलेले कापड रियाज झाला की काढाच. घामाची ओल आत राहिली तर कातडे आतून कुजते आणि बाहेरून ते दिसतही नाही.