शब्दचर्चा: पागोळी की पन्हळ? (शब्दकोड्यातला एक तिढा)

खोडरबर
रविवारच्या शब्दकोड्यात आडवा शब्द होता: 'छपरावरून गळणारे पावसाचे पाणी'. तीन अक्षरी. मी विचार न करता 'पागोळी' भरलं. त्याच्या शेवटच्या घरात येऊन संपणारा उभा शब्द 'सुवासिक फुलांचा वृक्ष', तोही तीन अक्षरी. 'बकुळी'. दोन्ही चपखल. दुसऱ्या दिवशी उत्तर छापून आलं ते 'पन्हळ' आणि 'बकुळ'! आमच्या सासूबाईंचं म्हणणं, पन्हळ म्हणजे पाणी नव्हेच, पाणी ज्यातून वाहतं ती. नवरा म्हणतो, छापून आलंय म्हणजे असणार. माझा प्रश्न एवढाच: 'पन्हळ' हा शब्द पाण्यासाठी कुणी बोलताना वापरतं का? कोशातलं नको, कानावरचं सांगा.

पोफळीवाला
सासूबाईंचं बरोबर आहे. आमच्याकडे राजापूर भागात पन्हळ म्हणजे पोफळीचं खोड उभं चिरायचं, आतला गाभा कोरून काढायचा आणि तिच्यातून विहिरीचं पाणी आगरात न्यायचं. आता त्या जागी प्लास्टिकचा पाइप आला. पाणी ते पाणी, पन्हळ ती पन्हळ. मात्र तुमच्या 'पागोळी'लाही माझी हरकत आहे. पागोळ्या हा शब्द अनेकवचनीच ऐकलाय. एकच पागोळी पडायला घराला काय एकच कौल आहे?

खोडरबर
अहो, 'पागोळीखाली घमेलं ठेव' असं आमच्या घरी रोज म्हणायचे! तिथे पागोळी म्हणजे ती अख्खी रांग.

पोफळीवाला
मग ती पाण्याची धार झाली की जागा झाली? बघा, तुमच्याही शब्दाचे पाय घसरले.

माळवद
कोकणातल्या मंडळींनी जरा घाट चढून यावं. तुमचं छप्पर उतरतं, म्हणून तुमच्या पागोळ्या. आमच्या लातूर-धाराशिवकडे जुनी घरं माळवदाची. वर सपाट, तुळयांवर लाकडं घालून पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकायची आणि चोपून बसवायची. अशा घराचं पाणी चारी बाजूंनी ठिबकायला लागलं तर मातीच्या भिंती एका पावसात खाली. म्हणून सगळं पाणी उताराने एका कोपऱ्यात आणायचं आणि तिथून भिंतीच्या बाहेर हातभर आलेल्या पन्हळीतून लांब टाकायचं. पागोळी हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत. आता मूळ प्रश्न. हो, आमच्याकडे पाण्याला पन्हळ म्हणतात. 'पन्हळ पडायलीय, बादली लाव' हे आजीचं नेहमीचं वाक्य. पडत होतं ते पाणी, पत्र्याची पन्हळ जागच्या जागी होती.

शुद्धमती
माळवद, हे वाक्य ठीक आहे, पण ती लक्षणा झाली, म्हणजे वस्तूचं नाव तिच्यातल्या पाण्याला दिलं. पन्हळ शब्दाचा वाच्यार्थ, म्हणजे सरळ अर्थ, नळी, खोबण. 'पन्हळी पत्रा' म्हणतो तो त्यावर खोबणी असतात म्हणून, त्यावर पाणी असतं म्हणून नव्हे. संस्कृत 'प्रणाल', त्यावरून पन्हळ. शब्दकोड्यात सूचना द्यायची ती वाच्यार्थाने. लक्षणा चालवायची असेल तर मग कशालाही काहीही म्हणता येईल.

माळवद
तुमच्या घरी सकाळी 'नळ आला' म्हणतात की 'नळातून पाणी आले' म्हणतात?

शुद्धमती
'नळ आला' म्हणतो. पण कुणी 'पिण्यायोग्य द्रव, दोन अक्षरी' असं विचारलं तर 'नळ' लिहीत नाही.

रातपाळी
😂 हे मात्र खरं.

आडवाउभा
मी एका छोट्या साप्ताहिकासाठी काही वर्षं कोडी रचली आहेत, म्हणून रचणाऱ्याची बाजू मांडतो. इंग्रजी कोड्यात एका घरात एक अक्षर, एकूण अक्षरं २६. आपल्याकडे एका घरात पूर्ण अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट. ३४ व्यंजनांची बाराखडी केली तर ४०८ होतात, जोडाक्षरं वेगळीच. 'पन्हळ'मधला 'न्ह' एका घरात. आता आडव्या-उभ्याला एक अक्षर जुळवायचं म्हणजे काय होतं विचार करा. म्हणून आपल्या कोड्यांत छेद कमी आणि एकटी पडलेली घरं फार. खोडरबर यांच्या कोड्यात आडव्याची पहिली दोन घरं मोकळी असणार, नाहीतर 'पा' की 'प' हा निकाल तिथेच लागला असता. चूक असलीच तर ती तिथे आहे. पन्हळ-पागोळी भांडत बसू नका. एकच छेद असलेल्या शब्दाला दोन उत्तरं निघतील अशी सूचना देऊच नये.

आणि याच अडचणीपायी कोड्यांतले ते ठरलेले शब्द: अज, मार, रव, जरा, वारू, तात. कुणाच्या तोंडी नाहीत, पण दोन अक्षरांत बसतात आणि बहुतेकांच्या शेवटी साधा, बिनमात्रेचा अकार येतो. तो कुठेही जुळतो.

ठकूताई
'दशरथाचा पिता' म्हटलं की आमच्याकडे सात वर्षांचं पोरसुद्धा 'अज' म्हणतं. रामायण वाचलेलं नाही, कोडी सोडवतं! माझंही तसंच. देवदत्त अर्जुनाचा, पौंड्र भीमाचा, अनंतविजय धर्मराजाचा, सुघोष नकुलाचा, मणिपुष्पक सहदेवाचा, हे सगळे शंख मला कोड्यांनी पाठ करून दिले. पुढे गीतेचा पहिला अध्याय वाचायला घेतला तेव्हा 'अरे, हे सगळे इथे राहतात होय' असं वाटलं.

शुद्धमती
ठकूताई, 'पौण्ड्र' असं मूळ.

ठकूताई
घर एकच लागतं हो दोन्हींना.

रातपाळी
आडवाउभा, ह्रस्व-दीर्घाचं काय करता? 'काव्य रचणारा' आडवं आणि 'नभोयान' उभं असं मी एकदा पाहिलंय. कवी आणि विमान. एकाच घरात वी आणि वि. मी तिथे दोन्ही वेलांट्या काढल्या.

आडवाउभा
बरेच जण ह्रस्व-दीर्घ एकच धरतात, कोड्याखाली तशी टीप देतात. मी धरत नव्हतो. त्यामुळे माझी कोडी आठवड्याला एकच निघायची.

शुद्धमती
एकच धरणं म्हणजे शुद्धलेखनाला तिलांजली. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम स्पष्ट आहेत: तत्सम इकारान्त-उकारान्त शब्द मराठीत लिहिताना शेवटी दीर्घ. कवी, गती, गुरू. समासात पूर्वपद असेल तर मूळचं ह्रस्व: कविमन, गुरुवर्य. ज्याला हे पाळता येत नाही त्याने सुडोकू रचावं.

माळवद
नियम झाले १९६२ ला. त्याआधी छापलेल्या कोड्यांत 'कवि' आणि 'विमान' एका घरात सुखाने नांदत असतील. तुमच्या नियमांनी मोडलेला हा पहिला संसार!

शुद्धमती
तेव्हाचे नियम पाळून तेव्हाचं कोडं. यात विनोद काय आहे कळलं नाही.

जुनंबाड
दोन उत्तरांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. हा रचणाऱ्याचा गाफीलपणा असेल असं समजू नका. एके काळी तो धंदाच होता. चाळीस-पन्नासच्या दशकात पैसे भरून सोडवायच्या कोड्यांची लाट होती. सूचना अशा की दोन शब्द सारखेच बसावेत. 'बरोबर' उत्तर म्हणजे अर्थाला धरून असलेलं नव्हे, तर आयोजकांनी आधीच पाकिटात बंद करून ठेवलेल्याशी जुळणारं. त्यामुळे लोक एकाच कोड्याच्या दहा-वीस प्रवेशिका भरायचे, प्रत्येकीत वेगवेगळ्या जोड्या.

यातलं गाजलेलं नाव आर. एम. डी. चमारबागवाला. त्यांची कोडी बेंगळुरूहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' साप्ताहिकात छापली जायची, पण गिऱ्हाईक मोठ्या प्रमाणावर मुंबई राज्यात. मुंबई सरकारने १९४८ च्या कायद्यात १९५२ ला दुरुस्ती केली आणि राज्याबाहेर छापलेल्या कोड्यांनाही परवाना आणि कर लावला. मग केंद्राचा १९५५ चा बक्षीस स्पर्धा कायदा आला: महिन्याला १,००० रुपयांवर बक्षीस नाही, एका स्पर्धेला २,००० वर प्रवेशिका नाहीत. कायद्याच्या व्याख्येत 'क्रॉसवर्ड' हा शब्द नाव घेऊन आहे. चमारबागवाला सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल १९५७ मध्ये निकाल लागला की जुगार हा व्यापार नव्हे, त्याला घटनेतलं व्यापार-स्वातंत्र्याचं संरक्षण मिळणार नाही. मात्र जिथे खरोखर कौशल्य लागतं त्या स्पर्धांना हा कायदा लागू नाही. 'अक्कल की नशीब' हा वाद आजही ऑनलाइन खेळांच्या खटल्यांत निघतो तेव्हा हाच निकाल पुढे येतो.

खोडरबर यांचं कोडं त्या काळात असतं तर पन्हळ-बकुळ आणि पागोळी-बकुळी अशा दोन प्रवेशिका, दोनदा शुल्क.

खोडरबर
हे छानच. पण माझा प्रश्न...

परदेशस्थ
जुनंबाड, मस्त माहिती. थोडी भर: पहिलं कोडं आर्थर विन यांचं, 'न्यूयॉर्क वर्ल्ड'च्या २१ डिसेंबर १९१३ च्या अंकात, शंकरपाळ्याच्या आकाराचं. तेव्हा त्याचं नाव 'वर्ड-क्रॉस' होतं, पुढे छापताना उलटलं आणि तेच रूढ झालं. म्हणजे सगळ्या जगाने छपाईतली चूक मान्य केली, आपण 'पन्हळ' मान्य करायला काय हरकत?

शुद्धमती
जगाने काय मान्य करावं हे जगाने बघावं.

जुनंबाड
बाकी 'पन्हळ'वरून आठवलं. पन्हाळा किल्ल्याचं नाव यातूनच आलंय ना? १६७३ ला कोंडाजी फर्जंदाने साठेक माणसांनिशी गड घेतला त्यावर जयराम पिंड्ये यांचं संस्कृत काव्य आहे, त्याच्या नावातच 'पर्णालपर्वत' आहे. पर्णाल, प्रणाल, पन्हाळा.

कोल्हापुरी_चप्पल
काय राव! पन्हाळा म्हणजे पन्नगालय. नागांचं घर. आमच्या गाइडनी शाळेपासून हेच सांगितलंय.

जुनंबाड
गाइड पर्यटकांना आवडेल ते सांगतात. पन्नगालयचं पन्हाळा होताना मधला 'ग' कुठे गेला ते सांगा.

शुद्धमती
'ग' जातो. नगर, नयर, नेर. पारनेर, अंमळनेर. स्वरांच्या मध्ये आलेला 'ग' प्राकृतात गळतो. माझा पन्नगालयला पाठिंबा नाही, पण हा आक्षेप टिकणार नाही. विचारायचं असेल तर 'ह' कुठून आला ते विचारा.

जुनंबाड
'ह' तर तुमच्या प्रणालमध्येही नाही. तिथे कसा आला?

कोल्हापुरी_चप्पल
बघा, आता पंडितच आपापसांत.

पोफळीवाला
या सगळ्यात एक गोष्ट सुटली. उभा शब्द 'सुवासिक फुलांचा वृक्ष', तीन अक्षरी, शेवटी 'ळी'. आमच्याकडे बकुळीला ओवळी म्हणतात. ओ, व, ळी. तीन घरं. हे तिसरं उत्तर.

ठकूताई
माझं माहेर गोव्याचं, आम्ही ओंवळां म्हणतो. फुलाला मधोमध भोक असतं, सुईसुद्धा लागत नाही, केळीच्या सोपाच्या दोऱ्यात ओवत जायचं. सुकून तपकिरी झाली तरी वास जात नाही. नावच 'ओवणे'वरून आलंय, मला तरी यात शंका नाही.

शुद्धमती
ठकूताई, झाडाला नाव देताना लोक आधी माळा ओवायला बसले होते का? आणि त्या न्यायाने मोगरा, जाई, अबोली सगळ्याच ओवळ्या व्हायला हव्यात.

ठकूताई
अबोलीची वळेसर करतात, ओवत नाहीत. तुम्ही कधी गजरा केलाय का?

शुद्धमती
प्रश्न व्युत्पत्तीचा आहे.

पोफळीवाला
त्या 'ओवळी'चा सोवळ्या-ओवळ्याशी संबंध नाही ना? मला लहानपणी वाटायचं या फुलांना शिवलं की आंघोळ करावी लागते.

रातपाळी
अरे देवा. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे शुद्धमतींना बरीच कामं पडतील.

आडवाउभा
'सोवळे', तीन अक्षरी, शेवटी 'ळे'. याला छेद द्यायला कुणाकडे काही आहे का? 'आवळे', 'बावळे' सोडून. अनेकवचनं मी घेत नाही.

माळवद
मोकळे.

शुद्धमती
तेही अनेकवचनच.

माळवद
'रान मोकळे' म्हणताना रान किती असतात?