हिंजवडी ते खराडी, फायबरची एकच जोडी: सीडब्ल्यूडीएम पुरे की डीडब्ल्यूडीएमच?

कोथरूडकर: ऑफिस हिंजवडीत, डेटा सेंटर खराडीत. मध्ये भाड्याची डार्क फायबरची (नुसती काच, यंत्रं आपली) एक जोडी, फिरत फिरत ३८ किलोमीटर भरते. आज १० जीच्या (सेकंदाला १० गिगाबिट) ४ लिंक हव्यात. एकाच जोडीतून अनेक लिंक वेगवेगळ्या रंगांच्या (तरंगलांबीच्या) प्रकाशावर न्यायचे दोन मार्ग: सीडब्ल्यूडीएममध्ये रंग लांब लांब, डीडब्ल्यूडीएममध्ये दाटीवाटीने. माझं मत सरळ सीडब्ल्यूडीएम. रंगांत २० नॅनोमीटरचं अंतर, त्यामुळे लेझर तापून अंशाला ०.१ नॅनोमीटर सरकला तरी शेजाऱ्याच्या अंगणात जात नाही. थंड ठेवायची भानगड नाही, मक्सला (रंग एकत्र आणि वेगळे करणारी पेटी) वीजही नको. ४ लिंकला डीडब्ल्यूडीएम म्हणजे मंडईतून कोथिंबीर आणायला टेम्पो!

खोदाईग्रस्त: १२७१ ते १६११ नॅनोमीटरमध्ये १८ रंग म्हणतात, ते कागदावर. काच जुनी असेल तर १३८३ पाशी पाण्याचं शोषण, म्हणजे १३७१ आणि १३९१ वर पाणी सोडा (शब्दशः). खालच्या रंगांचा लॉस (वाटेत प्रकाश कमी होणं) मुळातच जास्त. उरले वरचे ८. आणि हे पुणं आहे. मेट्रो, पाण्याच्या लाईन, प्रत्येक खोदाईत केबल तुटते, स्प्लाइस (काचेचा जोड) वाढतो, लॉस चढतो. उद्या अ‍ॅम्प्लिफायर (प्रकाश वाढवणारा) लागला तर? अर्बियमवाला साधारण १५३० ते १५६५ मध्येच चालतो. तुमचे १५३१ आणि १५५१ तेवढे वाचतील.

कोथरूडकर: हिशोब करा की. किलोमीटरला ०.२५ डीबी (लॉस मोजायचं एकक) धरून ९.५ डीबी, दोन्हीकडचे मक्स ४, स्प्लाइस-पॅचचे ३. साडेसोळा. ८० किलोमीटरवाल्या ऑप्टिकला (प्रकाश पाठवणारं-घेणारं मॉड्यूल) साधारण २३ डीबीपर्यंतचा लॉस चालतो. अ‍ॅम्प्लिफायर कशाला?

रात्रपाळी: हिशोब बरोबर, पण स्पेअर विसरलात. सीडब्ल्यूडीएममध्ये प्रत्येक रंगाचा वेगळा एसएफपी (तेच ऑप्टिक मॉड्यूल) कपाटात ठेवावा लागतो. रात्री २ वाजता नेमका १४९१ चा मरतो आणि कपाटात १५११ चा असतो. माझ्यावर आलंय हे. डीडब्ल्यूडीएममध्ये ट्यूनेबल (रंग बदलता येणारा) घेतला की एकच कुठेही चालतो. महाग आहे, मान्य.

खोदाईग्रस्त: आणि १०० जी मागितलं तर? सीडब्ल्यूडीएम४ (१०० जीचं एक ऑप्टिक) हे नाव बघून भुलू नका, ते २ किलोमीटरचं. या अंतराला, याच जोडीत बाकीच्या लिंकसोबत न्यायचं तर बहुधा कोहेरंट (लांब पल्ल्याचं ऑप्टिक), म्हणजे डीडब्ल्यूडीएमच.

पेठेतला: भांडता कशाला? सीडब्ल्यूडीएम मक्स घ्या, १५५१ चं पोर्ट मोकळं ठेवा. पुढे त्याच दारातून १०० गिगाहर्ट्झ अंतराचे ८ डीडब्ल्यूडीएम चॅनल आत जातात. चालू लिंकना हात लावायचा नाही. मात्र त्या दुसऱ्या, डीडब्ल्यूडीएमच्या मक्सचा लॉस आधीच धरा.

कोथरूडकर: हे पटलं. १४७१ पासून ४ रंग घेतो, १५५१ रिकामं. पण खोदाईग्रस्तांनी कोथिंबिरीवर काही उत्तर दिलेलं नाही.