ॲनिमिया, ल्युकेमिया, युरेमिया… यातला ‘इमिया’ म्हणजे नेमकं काय?

पहिलं_वर्ष
नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. शाळा मराठी माध्यमातून झाली, आता पुस्तकं इंग्रजीत. शरीराचं काम कसं चालतं ते समजतं, नावं मात्र डोक्यात राहत नाहीत. या आठवड्याची यादी: ॲनिमिया, ल्युकेमिया, युरेमिया, हायपोग्लायसेमिया, हिमोग्लोबिन, हिमोफिलिया, हेमिप्लेजिया. मैत्रीण म्हणते, सगळ्यांत एकच ग्रीक शब्द आहे, रक्ताचा. मग तो कधी सुरुवातीला ‘हिमो’ आणि कधी शेवटी ‘इमिया’ असा का? आणि हेमिप्लेजियात अर्धं अंग लुळं पडतं, तिथे रक्त कुठून आलं? घोकायचं नाहीये, समजून घ्यायचंय. कुणी सांगेल का?

काचपट्टी
मैत्रिणीचं बरोबर आहे, फक्त शेवटचा शब्द यादीतून काढा. त्यातला ‘हेमी’ म्हणजे अर्धा. लॅटिनमधला ‘सेमी’ आणि संस्कृतमधला ‘सामि’ हे त्याचे सख्खे भाऊ. रक्ताशी त्याचा काही संबंध नाही.

बाकी सगळे ‘हाइमा’ या शब्दाचे. हाइमा म्हणजे रक्त. लॅटिनमार्गे इंग्रजीत येईपर्यंत उच्चार ‘ही’ झाला, म्हणून हिमोग्लोबिन. आधी दुसरा शब्द जोडला की ग्रीकमध्ये मधला ‘ह’ गळतो: अन् अधिक हाइमा, झालं ‘अनाइमिया’, म्हणजे आपला ॲनिमिया. हा ‘अन्’ आपल्या ‘अनंत’, ‘अनादि’ मधलाच आहे, मराठी माध्यमवाल्यांना तो वेगळा शिकावा लागत नाही.

मी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. नवीन मुलांना मी एवढंच सांगते: ‘इमिया’ दिसलं की रक्ताकडे बघा, आणि रक्तात काय शोधायचं ते शब्दाच्या सुरुवातीच्या भागाला विचारा. हायपोग्लायसेमिया: हायपो म्हणजे कमी, ग्लायकिस म्हणजे गोड, तर रक्तातली साखर कमी. हायपरकॅलेमिया तुमच्या यादीत नाही, पण वॉर्डात भेटेलच. कॅलियम हे पोटॅशियमचं लॅटिन नाव. रक्तात ते साधारण 3.5 ते 5 मिलिमोल प्रतिलिटर असतं, फार वाढलं तर हृदयाची लय बिघडते. युरेमियात मूत्रपिंडं थकलेली असतात आणि लघवीवाटे जायला हवं ते रक्तात साठत राहतं.

पण शब्दशः अर्थावर थांबू नका, हे मला कळकळीने सांगायचंय. ॲनिमियाचा शब्दशः अर्थ ‘रक्त नसणं’. पेशंटचं रक्त कुठेही गेलेलं नसतं, हिमोग्लोबिन कमी असतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढ पुरुषांसाठी 13 आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांसाठी 12 ग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. ल्युकेमिया हे नाव जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खोने 1847 मध्ये दिलं. ल्युकोस म्हणजे पांढरा. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढलेलं रक्त बघून ते सुचलेलं आहे. नातेवाईक घाबरून विचारतात, ‘रक्त पांढरं झालंय का?’ ट्यूबमध्ये ते सहसा लालच दिसतं, हे त्यांना शांतपणे सांगा. आणि हिमोफिलिया! फिलिया म्हणजे ओढ, प्रेम. 1828 पासूनचं नाव आहे, आणि माझ्या मते या घराण्यातलं सगळ्यात वाईट. गोठण्याचा आठवा किंवा नववा घटक कमी असल्यामुळे रक्तस्राव लवकर थांबत नाही, एवढी साधी गोष्ट त्या नावातून कुणालाच कळत नाही.

माझा आवडता शब्द मात्र हिमॅटॉक्सिलिन. हाइमा आणि झायलॉन, म्हणजे लाकूड. वनस्पतींतल्या ‘झायलेम’मध्ये तोच झायलॉन आहे. मध्य अमेरिकेतल्या एका झाडाचा गाभा लालभडक असतो, त्यावरून हे नाव, आणि त्याच गाभ्यातून हा रंग काढतात. गाठीचा तुकडा तपासायला आला की पेशींची केंद्रकं आम्ही याच रंगाने रंगवतो. नावात रक्त आहे, पण केंद्रकं दिसतात निळी-जांभळी.

दगडधोंडे
आमच्या भूविज्ञानातही हे घराणं आहे. हेमॅटाइट, लोखंडाचं खनिज. तुकडा कधी काळपट, कधी चांदीसारखा चकचकीत, पण बिनचकाकीच्या पांढऱ्या फरशीवर घासा, रेघ तांबडी उमटते. नाव त्या रंगावरून पडलं, प्राचीन ग्रीक काळातच. रक्तातही लोह असतं हे कळायला 18वं शतक उजाडलं. दोन्हीकडे लोहच, तरी जोडण्या वेगळ्या: हेमॅटाइटमध्ये लोह थेट ऑक्सिजनशी बांधलेलं, हिमोग्लोबिनमध्ये ते नायट्रोजनच्या चार अणूंच्या मध्ये बसलेलं.

पहिलं_वर्ष
दोघांनाही मनापासून धन्यवाद. आता थॅलेसेमिया आणि इस्केमिया तपासून पाहिले तर नियम लागू पडत नाही. आणि ‘एपिडेमिया’ असाही शब्द कुठेतरी वाचला. तिथेही रक्तच का?

काचपट्टी
एपिडेमिया नाही. तिथे ‘डेमोस’ आहे, म्हणजे लोक, डेमोक्रसीतला. ‘एमिया’ हा तुकडा योगायोगाने तसा दिसतो.

थॅलेसेमियात हाइमा आहेच, पण सुरुवातीचा शब्द ‘थालासा’, म्हणजे समुद्र. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ थॉमस कूली यांनी 1925 मध्ये या आजाराच्या मुलांचं वर्णन केलं. सुरुवातीचे बरेच रुग्ण इटालियन आणि ग्रीक कुटुंबांतले, म्हणून भूमध्य समुद्र नावात आला. हा शब्द रक्तात काय बिघडलंय ते सांगत नाही, रुग्ण आधी कुठले दिसले ते सांगतो. आजार आफ्रिकेत आणि दक्षिण व आग्नेय आशियातही भरपूर आहे. बिघाड हिमोग्लोबिनमधल्या ‘ग्लोबिन’च्या साखळ्यांत असतो, त्या पुरेशा तयार होत नाहीत.

इस्केमियाचा अपवाद तर पक्का लक्षात ठेवा. त्यातल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ रोखून धरणं. रक्तात कशाचीही कमी-जास्त नसते, एखाद्या अवयवापर्यंत ते पुरेसं पोचत नाही. म्हणून रक्त काढून थेट ‘इस्केमिया किती’ असं मोजता येत नाही. छातीत दुखणाऱ्या पेशंटची ट्रोपोनिन या हृदयाच्या स्नायूतल्या प्रथिनाची तपासणी आम्ही करतो, पण ते वाढतं हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर, आणि त्यालाही काही तास लागू शकतात. म्हणून पहिलं ट्रोपोनिन नॉर्मल आलं तरी डॉक्टर ठरावीक वेळाने दुसरा नमुना मागवतात. तो वेळेवर पाठवणं वॉर्डातल्या नर्सच्या हातात असतं.