मदत हवी आहे: सेस-1 नाही, सेस-2 पण नाही, तरी पेशी मरते कशी?

नमस्कार मंडळी. पुण्यात एम.एस्सी. करते, शेवटचं वर्ष. गुरुवारी सेमिनार आहे, विषय नियोजित पेशीमृत्यू. काल मॅडमसमोर तालीम केली आणि तिसऱ्याच स्लाइडला आडवी पडले.

मला जेवढं कळलंय ते लिहिते, चूक तिथेच सापडेल. सी. एलिगन्स हा मिलिमीटरभर लांबीचा कृमी. उभयलिंगी कृमी वाढताना 1090 कायिक (म्हणजे प्रजननपेशी सोडून शरीराच्या) पेशी तयार होतात, त्यातल्या 131 मरतात, आणि दरवेळी त्याच. (याच कामाचं 2002 चं नोबेल वगैरे पाठ आहे, तिथे कोणी अडवत नाही.) घशात एनएसएम नावाच्या दोन चेतापेशी असतात. प्रत्येकीसोबत एक बहीण जन्मते आणि थोड्याच वेळात मरते. बहिणीत एगल-1 जीन ऑन होतो, त्याचं प्रथिन सेड-9 या प्रथिनाला चिकटतं, त्याने धरून ठेवलेलं सेड-4 सुटतं, मग पेशी मारणारं सेड-3 कामाला लागतं, खेळ खलास.

एगल-1 ऑन करते एचएलएच-2 आणि एचएलएच-3 या प्रथिनांची जोडी, त्याच्या डीएनएवर बसून. सेस-1 हे प्रथिन त्याच जागा अडवून तो ऑफ ठेवतं. सेस-2 हे आणखी एक प्रथिन, ते बिघडलं की बहिणी मरत नाहीत. म्हणून मी सेस-2 पासून एगल-1 कडे थेट बाण काढला आणि वर लिहिलं 'मारेकरी'. मॅडमनी फळ्यावर दोनच शब्द लिहून दोन्हींवर काट मारली, सेस-1, सेस-2, म्हणजे दोन्ही बिघडलेली. "आता बहीण जगेल की मरेल?" मी म्हटलं जगेल. "मरते," म्हणाल्या आणि चहाला गेल्या.

का मरते??

खडकीकर: तो बाण आधी खोड. वाड्याचा दरवाजा डोळ्यांसमोर आण, तो म्हणजे एगल-1; उघडला की जीन ऑन. एचएलएच जोडी बाहेरून ढकलतेय, आतून सेस-1 चा अडसर. सेस-2 दरवाज्याला हातही लावत नाही, ते फक्त अडसर काढतं, म्हणजे सेस-1 चा जीन दाबतं. सेस-2 नसेल तर अडसर जागेवर, बहीण वाचली. पण अडसरच नसेल तर तो काढणारा आला काय आणि न आला काय? दरवाजा उघडणारच. डबल म्युटंट (दोन्ही जीन बिघडलेला कृमी) फक्त सेस-1 बिघडलेल्या म्युटंटसारखा दिसतो, यावरूनच सेस-1 हे सेस-2 च्या पुढच्या पायरीवर आहे हे ठरलं.

सूक्ष्मदर्शी: खडकीकरांना अनुमोदन. एक खबरदारी: 'सेस-1 मुळेच एनएसएम जगते' असं बोलून बसू नकोस. सेस-1 काढलं तरी एनएसएम जगतेच, त्यामुळे तिला वाचवणारं आणखी काहीतरी आहे. मॅडम तिथे नक्की पकडतील.

धागाकर्ती: अरे देवा! म्हणजे मी दाबणाऱ्याला दाबणाराच मारेकरी ठरवला. बाण काढला. शेवटच्या स्लाइडला सस्तन प्राण्यांचं काही घालता येईल का?

सूक्ष्मदर्शी: स्लग हे प्रथिन घे, ते सेस-1 च्याच स्नेल नावाच्या प्रथिन-कुटुंबातलं. उंदराच्या रक्त बनवणाऱ्या पेशींवर किरणोत्सर्गाचा मारा झाला की पी53 हे प्रथिन पुमा हा पेशी मारणारा जीन ऑन करतं, आणि स्लगचा जीनही. स्लग जाऊन पुमाला दाबतं. मारायचा हुकूम आणि त्यावरची स्थगिती, दोन्हींवर सही एकाचीच.

खडकीकर: आमच्या सोसायटीत पाण्याचा टँकर असाच येतो.

धागाकर्ती: 😂 हे स्लाइडवर घालू का?

सूक्ष्मदर्शी: टँकर नको. पुमा घाल.